इरप्पा आण्णांचा तीनचाकी नंदी

कारहुणवीच्या दिवशी आमच्या गल्लीत पुरणपोळीचा पहिला घास मोटारसायकलला मिळायचा.

त्या दिवशी लोक बैलांची शिंगं रंगवतात, अंगावर झूल टाकतात, ओवाळतात, पोळी चारतात. आमच्या गल्लीत बैल कुणाकडेच नव्हता. इरप्पा आण्णांकडे मोटारसायकल होती. तिच्या हँडलच्या दोन्ही टोकांना ते हिंगूळ लावायचे, दिव्यावर बेगड चिकटवायचे, टाकीवर झूल म्हणून सोलापुरी चादर टाकायचे आणि बायकोला हाक मारायचे. मग गौराक्का आरतीचं ताट घेऊन यायच्या. ओवाळून झालं की आण्णा पोळीचा तुकडा मोडून पेट्रोलच्या झाकणावर ठेवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. तेवढ्यात कावळा तुकडा उचलायचा. डोळे उघडून आण्णा म्हणायचे, "खाल्लं बघा नंदीनं."

नंदी हे त्या मोटारसायकलचं नाव. आणि मुख्य गोष्ट सांगायची राहिलीच. हा नंदी तेव्हा एक पाऊलही चालत नव्हता.

मी बार्शीची. माहेरी धान्याची आडत. बार्शीच्या माणसाला ज्वारीतला खडा आणि माणसातला वेडा लांबून ओळखू येतो, असं माझे वडील म्हणायचे. लग्न होऊन मी सोलापुरात आले, प्राथमिक शाळेत नोकरीला लागले आणि आम्ही विजापूर वेशीजवळच्या या गल्लीत बिऱ्हाड केलं. पहिल्याच आठवड्यात स्टोव्हची झिजलेली टोपी टाकायला मी कचऱ्याच्या डब्याकडे निघाले, तर समोरच्या लिंबाखालून आवाज आला.

"ओ बाई, काय टाकालाव?"

"स्टोव्हची टोपी. झिजलीय."

"टाकू नका. नंदीला लागतंय."

मला वाटलं, जवळपास कुठं देऊळ बांधतायत. वळून बघितलं तर एक बुटका, गोल गृहस्थ जमिनीवर मांडी घालून बसला होता. अंगात बंडी, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कोपरापर्यंत हात काळे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे होते, पण घाम पुसताना वंगणाचा हात लागून मधला पट्टा काळा झाला होता. समोर पोत्यावर मोटारसायकलची आतडी मांडलेली. वडिलांची आठवण झाली. खडा ओळखू आला.

आण्णांचं मंगळवार पेठेकडे दुकान होतं. जुन्या मागांचे सुटे भाग विकायचं. दुकान म्हणजे बारा महिने चालणारं सुतक. गिऱ्हाईक आलं तर बरं, नाही आलं तर त्याहून बरं, कारण तेवढा वेळ नंदीसाठी मोकळा. दुष्काळ हटला त्या वर्षी त्यांनी कुठल्याशा लिलावातून ही मिलिटरीतली म्हातारी गाडी उचलली. कंपनीचं नाव टाकीवरून झिजून गेलं होतं. बैलगाडीत घालून ती गल्लीत आणली. आम्ही राहायला आलो तेव्हा ती बघून आमचे हे म्हणाले, "आण्णा, ही गाडी लढाईत मेली असावी. हिला पेन्शन मिळतं का बघा."

आण्णांनी हसून मान हलवली आणि कानडीत म्हणाले, "आगतद, आगतद."

आगतद म्हणजे होईल. हा त्यांचा श्वास होता. पाऊस नाही, आगतद. पेट्रोल महाग झालं, आगतद. गाडीच्या इंजिनातून उंदराचं घरटं निघालं, त्यात पिल्लं निघाली, तरी आगतद. पिल्लं मोठी होऊन आपापल्या वाटेनं जाईपर्यंत त्यांनी इंजिनाला हात लावला नाही.

आता एवढा खटाटोप कशासाठी, ते सांगते. नाहीतर तुम्हीही आमच्या ह्यांच्यासारखं हसत बसाल.

गौराक्कांना गाडी लागायची. पुष्कळांना लागते, पण गौराक्कांची गोष्ट वेगळी. कंडक्टरनं घंटी ओढली की त्यांच्या पोटात ढवळायला सुरुवात. पुण्याच्या रस्त्याला शहर संपता संपता बाळे लागतं. बाळ्याला बस पोचेपर्यंत गौराक्का लिंबू हुंगून, आलं चावून, देवाचं नाव घेऊन थकलेल्या असायच्या आणि तिथं उतरून चालत परत यायच्या. आगगाडीत धुराचा वास आला की तीच तऱ्हा. बाळ्याच्या पुढं जग आहे हे त्यांनी नुसतं ऐकलं होतं. माहेर सोलापुरातच असल्यामुळे जन्मभर अडलं नाही. अडलं ते लेकीचं लग्न झाल्यावर. त्यांची एकुलती एक महानंदा टेंभुर्णीला दिली. जावयाचं भुसार मालाचं दुकान, माणसं चांगली. लग्न सोलापुरात लागलं, लेक गेली, आणि आईनं लेकीचं घर काही बघितलं नाही.

महानंदा पंचमीला, दिवाळीला यायची. पहिलं बाळंतपणही इथंच झालं. पण लेक माहेरी येणं वेगळं आणि आपण लेकीच्या दारात जाणं वेगळं. एकदा विहीणबाई बोलून गेल्या, "तुझ्या आईला आमच्या घरचं पाणी चालत न्हाई की काय?" महानंदानं ते येऊन सांगितलं. त्या दिवशी गौराक्कांच्या भाकरी करपल्या.

आण्णा टेंभुर्णीला जाऊन आले की त्या दारातच विचारायच्या, "तिच्या चुलीचं तोंड कुणीकडं हाय वो?"

आण्णा डोकं खाजवायचे. "चुलीगत चूल हाय की."

"ते न्हाई. स्वयंपाक करताना तिच्या तोंडावर उजेड येतो का पाठीवर?"

"आता मी काय तिच्या तोंडाकडं बघत बसतो काय? मी आमटीकडं बघतो."

गौराक्का मग माझ्याकडे येऊन बसायच्या. म्हणायच्या, "बाई, डोळे मिटून लेकीला बघावं म्हटलं की ती मला माझ्याच स्वयंपाकघरात दिसती. तिचं घरच माझ्या डोळ्यात न्हाई." माझी आई बार्शीहून उठसूट येते आणि माझ्या डब्यांची झाकणं उघडून बघते. मला त्याचा राग यायचा. गौराक्कांचं ऐकल्यापासून मी झाकणं मुद्दाम सैल ठेवायला लागले.

आण्णांचा हिशेब असा. बंद गाडीत जीव घुसमटतो म्हणून पोटात ढवळतं. उघड्या गाडीत वारं लागलं की पोट जागेवर बसतं. मोटारसायकल उघडी असते, म्हणून मोटारसायकल. पण नऊवारी इरकल नेसून मागं बसायची गौराक्कांची तयारी नव्हती, म्हणून शेजारी तिसऱ्या चाकावर खुर्ची. आणि नवी गाडी घ्यायची ऐपत नाही, म्हणून जुनी. इतकं सरळ होतं सगळं. आम्हालाच ते वेडं वाटत होतं.

"ऐंशीनं पळंल नंदी," आण्णा सांगायचे. "एष्टी मागं राहंल. टेंभुर्णीत सकाळचा च्या, आन दुपारला हितं परत."

पैसा नसला की माणसाला नजर फुटते म्हणतात. आण्णांना तर चारी बाजूंनी फुटली होती. हँडलच्या मुठी म्हणून मागाच्या लाकडी कांड्या बसवल्या. ब्रेकची दोरी तुटली तिथं मागाची चामडी वादी आली. दिव्याच्या आत चकाकी यावी म्हणून पितळी वाटी ठोकून बसवली. टाकी गळायची तिथं अंगाचा साबण दाबून भरला, आणि तो खरोखर टिकला. बसायच्या जागेवर विटकी सोलापुरी चादर, मोराची. त्यामुळे आण्णा गाडीवर बसले की मोर गुदमरायचा. आमच्या घरातून स्टोव्हची टोपी गेली, ह्यांच्या जुन्या चपलांचे तळवे गेले, मोडक्या छत्रीच्या काड्या गेल्या, बाळाच्या पाळण्याचं एक कडं गेलं. आमच्या संसारातल्या निम्म्या वस्तू पुढं टेंभुर्णी बघून आल्या. मी अजून गेलेले नाही.

शेजारची खुर्ची हा तर चमत्कारच होता. तेलाचं रिकामं पिंप उभं चिरून त्याची नाव केली. आत बसायला एका मोडीत निघालेल्या टांग्याची मागची गादी, भोंप्यासकट. रिक्षा आल्यापासून टांगेवाल्यांचे दिवस फिरले होते, त्यामुळे असला माल मुबलक होता. पिंपाला हिरवा रंग दिला, पण ऊन पडलं की रंगाखालून 'शुद्ध करडई तेल' ही अक्षरं दिसायची. गौराक्का त्यात पहिल्यांदा बसल्या तेव्हा हे हळूच म्हणाले, "माल शुद्ध आहे." मी ह्यांना चिमटा काढला.

गादी टांग्याची, म्हणून आण्णांनी ती बसवलीही टांग्यासारखी. म्हणजे मागं तोंड करून. टांग्यात बायामाणसं मागंच बसतात, पुढचं वारं तोंडावर येत नाही, पदर उडत नाही, समोरून येणारे वडीलधारे थेट तोंडाकडे बघत नाहीत. सगळं रीतसर. आण्णांनी ते फार विचार करून केलं होतं आणि आम्हालाही ते बरोबरच वाटलं. पुढं काय होणार ते एकालाही सुचलं नाही.

या सगळ्यावर देखरेख हमीदभाई मिस्त्रींची. वेशीबाहेर त्यांचं गॅरेज. आण्णांची आणि त्यांची बोली वेगळी, पण भांडण एकाच सुरात चालायचं.

"क्या आण्णा, इस्कू गाडी बोलते? ये तो आधा माग हाय, आधा टांगा हाय."

"इंजन तर गाडीचंच हाय की."

"हौ, वो एकिच चीज गाडी की हाय. उसकू तो छोडो. उसमें बॉबिन नक्को डालो."

इंजिनाला आण्णांनी हात लावायचा नाही असा हमीदभाईंचा दंडक होता आणि तो आण्णांनी पाळला. तेवढं मात्र हमीदभाईंनी जीव ओतून केलं.

तीन-चार वर्षांनी, दसऱ्याच्या दिवशी, नंदी सुरू झाला. आवाज असा निघाला की लिंबावरचे कावळे उडाले आणि पलीकडच्या गल्लीतले माग थांबवून लोक बघायला आले. आण्णांनी आपटा वाहिला, नारळ फोडला. गौराक्का नवं इरकल नेसून, ओटीचं सामान मांडीवर घेऊन, पिंपात मागं तोंड करून बसल्या. आज नुसतं मोहोळपर्यंत जाऊन यायचं, जमलं तर रविवारी टेंभुर्णी. सगळी गल्ली वेशीपर्यंत पोचवायला गेली. आमच्या सगळ्यांची तोंडं गौराक्कांना दिसत होती, आणि त्या हसत होत्या.

दोन-अडीच तासांत परत आले. आण्णा गाडी ढकलत होते आणि गौराक्का मागून चालत होत्या. इरकलच्या पदराला डाग होते.

बाळ्यालाच झालं. नेमकं त्याच जागी.

"सगळं गाव माझ्यापास्नं लांब पळालं की, बाई," त्या मला म्हणाल्या. "गिरणीचं धुराडं लहान झालं, मग आणिक लहान झालं. पोटात कालवाकालव झाली." मग पदराचा डाग चोळत म्हणाल्या, "त्यांना सांगा, विका म्हणावं ती गाडी. माझ्या नशिबात लेकीचं दार न्हाई. उगं माणसानं किती राबायचं?"

मी आण्णांकडे बघितलं. ते लिंबाच्या बुंध्याला टेकून बसले होते. आता आगतद म्हणतील असं वाटलं. म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशीही म्हणाले नाहीत. त्या आठवड्यात माझ्या हातून एक फुटकी बशी कचऱ्यात गेली आणि लिंबाखालून कुणी हटकलं नाही, तेव्हा मला रडूच आलं.

मग एका सकाळी हमीदभाई आले. ते नंदीवर बसले आणि आण्णा पिंपात बसले, मागं तोंड करून, मांडीवर हात ठेवून, बाईमाणसासारखे. "कुठं निघालात?" मी विचारलं. आण्णांनी वेशीकडे हात केला. आयुष्यात त्यांना कधी गाडी लागली नव्हती. चालत्या मालट्रकच्या टपावर बसून ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाणारा माणूस तो.

परत आले ते भोंपू वाजवतच. आण्णांचा चेहरा पांढराफटक होता, बंडी भिजली होती, आणि ते असे हसत होते की मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

"गौरी, ए गौरी," गल्लीच्या तोंडापासून त्यांनी हाका सुरू केल्या. बायकोला नावानं हाक मारताना मी त्यांना तेव्हाच ऐकलं. "मला बी झालं. बाळ्याला. तुझ्याच जागी झालं."

गौराक्का दारात आल्या. लोक गोळा झाले. आण्णा पिंपातून उतरले आणि भर गल्लीत ते सगळ्यांना सांगत सुटले की आपल्याला कशी उलटी झाली, किती झाली, हमीदभाईंनी पाठ कशी चोळली. "हिच्यात खोट न्हाई. खोट गादीत हाय. उलटं बसवलं तर बैलाला बी उलटी हुईल."

"मेरे जूते पे हुई," हमीदभाई म्हणाले. "लेकिन बात सच्ची हाय."

गौराक्का कितीतरी दिवसांनी हसल्या. पदर तोंडाला लावून, पण डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग आत जाऊन त्यांनी नवऱ्यासाठी लिंबू पिळून आणलं. त्या दिवशी आण्णांनी पुन्हा एकदा आगतद म्हटलं आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

गादी सुलटी झाली. पुढं तोंड. रोज संध्याकाळी दोघं थोडं थोडं लांब जायला लागले. पहिल्या दिवशी बाळ्याच्या अलीकडे, मग बाळ्याला, आणि एके दिवशी बाळ्याच्या पुढं. त्या दिवशी गौराक्का माझ्याकडे धावत आल्या. "बाई, बाळ्याच्या पुढं बी रानच हाय," म्हणाल्या, जसं काही तिथं समुद्र असायला हवा होता.

आता एक गंमत झाली. ऐंशीनं पळणारा नंदी पळेना. त्या सुरुवातीच्या दिवसांत तो एकदोनदा झपाट्यानं गेलेला मी पाहिला होता. पण पुढं तो जो मंदावला, तो मंदावलाच. सायकलवाले पुढं जायला लागले. दुधाच्या घागरी लावलेले सायकलवालेसुद्धा. गल्लीतली पोरं त्याला गोगलगाय म्हणायला लागली. एकदा तळ्याच्या रस्त्याला एका म्हशीनं त्यांना गाठलं आणि मागं टाकलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हैस काही पळत नव्हती.

"काय आण्णा," हे विचारायचे, "एष्टी मागं पडली का?"

"जुनं इंजन हाय," आण्णा म्हणायचे. "दम न्हाई ऱ्हायला. आपल्याला कुटं शर्यतीला जायचंय?" आणि हसायचे. ज्या माणसानं सगळ्या पेठेला ऐंशीची ऐट सांगितली होती, त्याचं हे हसणं मला जरा अवघड वाटायचं.

संक्रांत झाल्यावर ते टेंभुर्णीला गेले. उजाडायला निघाले ते दिवेलागणीला पोचले. वाटेत लांबोटीला नदीच्या पुलावर थांबले, मोहोळला शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाल्ली, मोडनिंबला पेरू घेतले. टेंभुर्णीत जे काही घडलं ते मी गौराक्कांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की मीच होते असं वाटतं. गाडी दारात थांबली. महानंदा पिठाचे हात घेऊन बाहेर आली आणि आईला बघून तशीच उभी राहिली. मग तिनं हात पुसलेसुद्धा नाहीत, तसेच आईच्या गळ्यात टाकले. इरकलच्या पाठीवर पिठाचे दोन पंजे उमटले. विहीणबाईंनी स्वतः भाकरतुकडा ओवाळून टाकला. आणि गौराक्का चप्पल काढून सरळ स्वयंपाकघरात गेल्या.

परत आल्यावर अख्खी गल्ली विचारायला उभी. कशी आहे लेक, कसं आहे घर. गौराक्का उतरल्या, कंबर सरळ केली आणि आधी माझ्याकडे बघितलं.

"चूल पूर्वेला हाय, बाई. तोंडावर उजेड येतोय तिच्या."

मी नुसता त्यांचा हात धरला.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण माझ्या जिभेला हाड नाही. काही दिवसांनी हमीदभाई तेल बदलायला आले तेव्हा मी म्हटलं, "हमीदभाई, नंदीला जरा दम भरा की. काल पुन्हा म्हैस पुढं गेली."

हमीदभाईंना ते फार लागलं. "क्या बात करते, बाई? इंजन शेर हाय. मैं बनाया सो हाय." मग इकडंतिकडं बघून त्यांनी एक्सलेटरची मूठ उकलली. आत लाकडाचा बोटभर तुकडा बसवलेला होता, मागाच्या जुन्या धोट्यातून कापलेला. मूठ पिळली तरी त्या तुकड्याला अडकायची, पुढं फिरायचीच नाही. "आण्णा बोले, डालो. भाबी का मूं उतर जाता बोले. कोई पूछे तो इंजन कमजोर बोलो, बोले." त्यांनी उसासा टाकला. "मेरा नाम खराब हुआ तो हुआ."

मी संध्याकाळी आण्णांना गाठलं. "अहो, एकटे असता तेव्हा तरी तो तुकडा काढत जा. लोक हसतात तुम्हाला."

आण्णा ओशाळले. चोरी सापडलेल्या मुलासारखे पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागले. "सवय वाईट, बाई. एकटा असताना हाताला जोराची चटक लागली, तर ती बसल्यावर बी हात फिरंल. जोरात गेलं की ती लिंबू घट्ट धरती. बोलत न्हाई, पर धरती." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिला सांगू नका हां. तिला वाटंल, तिच्यापायी नंदीचा पाय बांधला."

मी कबूल केलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे माझ्या सासरमाहेरच्या सगळ्यांना माहीत आहे. तरी कबूल केलं.

पुढची टेंभुर्णीची खेप झाल्यावर गौराक्का आणि मी अंगणात शेंगा फोडत बसलो होतो. त्या एकदम म्हणाल्या, "बाई, तुमाला म्हणून सांगते. जावयानं मला त्यांच्या दोस्ताच्या जीपमधनं उजनीला नेलं. तितं धरण बांधालेत की, ते बघायला. जीप काय पळाली म्हणता. झाडं सुईंसुईं मागं."

"मग? झालं काही?"

"काय बी न्हाई." त्यांनी शेंगा फोडायच्या थांबवल्या. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला त्या महानंदाच्या वयाच्या वाटल्या. "पोट गप्प बसलं होतं. रोज रोज बसून सवय झाली असंल. आन खरं सांगू? मला लई मजा वाटली. आणिक जोरात न्या म्हणावंसं वाटलं."

"मग हे आण्णांना सांगा की," मी जवळजवळ ओरडलेच.

"छे, त्यांना कसं सांगू?" गौराक्कांनी पुन्हा शेंग उचलली. "हाडाची काडं करून त्यांनी ती गाडी उभी केली. तिला दम न्हाई, लोक हसत्यात, हे त्यांना कळतंय की. वरनं मी जर म्हटलं, मला जोर आवडतो, तर त्यांच्या जिवाला किती लागंल? तुमी बी बोलू नका बाई. शपथ हाय माझी."

दोन्हीकडच्या शपथा पोटात घेऊन मी घरी आले. स्वयंपाकात लक्ष लागेना. ह्यांना सगळं सांगितलं, नवऱ्याला सांगितलेलं मोजत नाहीत. हे म्हणाले, "मग सांगून टाक ना एकाला. लाकडाचा तुकडा काय तो, निघेल आणि दोघांचीही सोय होईल." म्हणणं खोटं नव्हतं. मलाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सांगायचंच ठरवून दारात उभी राहिले.

दोघं निघायच्या तयारीत होते. गौराक्का पिंपात बसल्या, पदर खोचून, पुढं तोंड करून. हातात लिंबू नव्हतं. आण्णांनी भोंपू वाजवला, नंदीला हात लावून नमस्कार केला आणि गाडी हलली. कट्ट्यावर बसलेल्या पोरांनी तोंडं फिरवून हसायला सुरुवात केली. एक पोरगा म्हणाला, "आण्णा, उतरून ढकलू काय?"

आण्णा ऐकून न ऐकल्यासारखं करून पुढं बघत राहिले. तेवढ्यात गौराक्कांनी पिंपाची कड दोन्ही हातांनी गच्च धरली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "जरा हळू घ्या की वो. किती जोरात नेताव?"

पोरं गप्प झाली. आण्णांनी माझ्याकडे वळून बघितलं. मान ताठ, कपाळावरचा काळा पट्टा घामानं चमकणारा. "बघितलं का बाई?" ते म्हणाले. "हिला जोर सोसत न्हाई."

"नाही सोसत," मी म्हटलं.

नंदी आपल्या चालीनं वेशीकडे गेला. एक दूधवाला घंटी वाजवून त्यांच्या पुढं निघून गेला. मी दारात उभी राहून ते वळणाआड होईपर्यंत बघत होते, आणि तसं व्हायला त्यांना चांगला वेळ लागला. मग मी आत येऊन भाकरी टाकायला घेतल्या. हे विचारत होते, सांगितलंस का. मी पुढची भाकरी थापली. त्या दिवसापासून माझ्या तोंडात तीळ भिजतो आहे.